सडा जूनमध्ये पाहा

कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारांवर, फुलणारी दीपकाडी धोक्यात आहे, ती वाचवायला हवी, असं म्हटलं की समोरून ठरलेली उत्तरं येतात. कातळावर उगवतंय काय? एका पांढऱ्या फुलासाठी शेतकऱ्याने बाग करू नये का? सड्यांना काय तोटा आहे, एखादा गेला तर बिघडलं कुठे? आणि फूल खरंच एवढं दुर्मीळ असेल तर सरकारने त्याला संरक्षण का दिलं नाही? ग्रामसभेत हे ऐकू येतं, वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहारात वाचायला मिळतं, जमिनीचे व्यवहार जुळवणाऱ्यांना तर हे तोंडपाठ असतं. विचारणाऱ्यांत आमच्या गावांतली कष्टाळू माणसंही आहेत. ‘तुम्हाला निसर्गाचं काही पडलेलं नाही’ असं म्हणून त्यांना उडवून लावणं मला मान्य नाही. त्यांना मुद्द्याला मुद्दा उत्तर मिळायला हवं. माझी बाजू आधीच सांगून टाकतो. कातळ फोडून आंबा-काजूच्या बागा करायला सरकारी पैशाने मिळणारं उत्तेजन थांबलं पाहिजे, आणि ज्याच्या मालकीच्या सड्यावर हे फूल उगवतं त्याला सडा राखल्याचा मोबदला मिळाला पाहिजे.

दीपकाडीचं शास्त्रीय नाव डिपकाडी कोंकणेन्से. मुंबई इलाख्याच्या वनखात्यात काम केलेल्या निकोल डाल्झेल या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८५० मध्ये प्रसिद्ध केलं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले जांभ्याचे सडे हे तिचं मुख्य घर. पावसाच्या पहिल्या जोरदार सरी पडल्या की कातळाच्या भेगांत आणि खळग्यांत साठलेल्या मूठ-दोन मूठ मातीतून तिची अरुंद, लांब पानं वर येतात. फूल नसेल तर ती गवतात ओळखूही येत नाही. मग पानांमधून एक दांडा उठतो आणि त्यावर एकाखाली एक पांढरीशुभ्र फुलं लागतात. प्रत्येक फुलाची लांब नळी, तोंडाशी सहा पाकळ्या बाहेर वळलेल्या. खाली वाकून पाहिलं तर दांड्याच्या बुडाशी माती इतकी कमी असते की आपण बोटाने ती उकरायला गेलो तर नख लगेच जांभ्याला लागतं. त्या एवढ्याशा मातीत तिचा कांदा बसलेला असतो. फुलं गेली की तीन धारांची बोंडं धरतात, त्यातून चपट्या काळ्या बिया पडतात, आणि श्रावण येईतो हा सगळा संसार उरकून वनस्पती पुन्हा जमिनीखाली जाते. उरलेलं जवळजवळ सगळं वर्ष ती तिथेच, कांद्याच्या रूपात, कुणालाही न दिसता जिवंत असते.

आता याच्याशेजारी बागेचं वेळापत्रक मांडून पाहा. दिवाळी झाली की सड्यावरचं गवत वाळतं, कापलं जातं, कुठे पेटवलं जातं. डिसेंबरपासून काळा-तांबडा कातळ उघडा पडतो. जमीन पाहायला गाड्या येतात त्या याच दिवसांत. मोजणी याच दिवसांत, दस्त याच दिवसांत. मग पोकलेन चढतो. खड्डे मेच्या अखेरीपर्यंत व्हावेच लागतात, कारण कलमं पावसाच्या तोंडावर लावायची असतात. म्हणजे दीपकाडी वर येण्याच्या ऐन आधी तिच्या जागी खड्डा पडलेला असतो, नाहीतर डंपरने आणून टाकलेली लाल माती पसरलेली असते. ज्याने सडा फोडला त्याने ते फूल कधी पाहिलेलंच नसतं. ‘इथे काही नव्हतं हो, नुसता कातळ होता,’ असं तो सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याने एप्रिलमध्ये पाहिलं आणि एप्रिलमध्ये जे दिसलं ते सांगितलं. माझ्या मते या फुलाचा सगळ्यात मोठा शत्रू हा आहे, की त्याच्या जागेचा निर्णय करणारा प्रत्येक माणूस तिथे चुकीच्या महिन्यात जातो.

म्हणून ‘कातळावर उगवतंय काय’ या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात देता येतं. जुलैत चला. डबक्यांच्या काठाने सीतेची आसवं, गेंद, चिकट थेंबांनी किडे धरणारे दवबिंदू, पुढे कवला आणि नभाळी, आणि जगात पश्चिम घाट-कोकणाबाहेर न आढळणारी काही गवतं. यातल्या काही वनस्पती किडे खातात, कारण सड्यावरच्या मातीत नत्र जवळजवळ नाही. उन्हाळ्यात पाय ठेवता येणार नाही इतका तापणारा आणि पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस अंगावर घेऊन पाण्याखाली जाणारा दगड, वर बोटभर माती. अशा जागी जगायला ज्या शिकल्या त्याच वनस्पती तिथे आहेत. दुसरीकडच्या सुपीक मातीत उंच गवतांशी त्यांचा टिकाव लागत नाही. बाग कशी मारते ते इथे कळतं. काहीजण म्हणतात, खड्डे तर ठरावीक अंतरावर असतात, मधल्या जागेत फुलं उगवू देत की! पण मधली जागा तशी राहात नाही. वाहतुकीला सपाटी करतात, दगड वेचून गडगा घालतात, पाण्याची डबकी बुजतात. बाहेरची माती आणि शेणखत येतं, त्यासोबत तणांचं बी येतं, खताने ते माजतं, आणि काही वर्षांत कलमांची सावली धरते. उघड्या उन्हाची, उपाशी मातीची सवय असलेल्या वनस्पतीला यातलं काहीच सोसत नाही.

हे नुसत्या फुलांपुरतं नाही. नेचर कन्झर्वेशन फाउंडेशन आणि बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुपच्या अभ्यासकांनी अलीकडे कोकणातल्या जांभ्या पठारांवर बेडकांचा अभ्यास केला. तुलनेने मोकळी पठारं, भातशेती आणि फळबागा यांची त्यांनी तुलना केली. भातखाचरांत बेडकांची विविधता पठारापेक्षा कमी होती, आणि बेडकांची संख्या सर्वांत कमी सापडली ती बागांमध्ये. सड्यावरच्या सैल दगडांखाली राहणाऱ्या पालींमध्ये एक पांढऱ्या पट्ट्यांची छोटी पाल आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावच्या नमुन्यांवरून १९६३ मध्ये तिचं शास्त्रीय नामकरण झालं. तिला राहायला दगड लागतात, आणि बाग करताना पहिलं काम दगड वेचण्याचं असतं.

आता शेतकऱ्याचा प्रश्न. हा सर्वांत अवघड आणि सर्वांत खरा. ‘फूल मोठं की शेतकरी’ असा पेच टाकला की बोलणं संपतं, कारण शेतकरी लहान असं कोण म्हणेल? मीही म्हणणार नाही. पण सड्यावर बाग कोण करतो हे आधी बघू. कातळ फोडायला पोकलेन तासाच्या भाड्याने आणावा लागतो. खड्डे भरायला दुसरीकडून माती विकत आणावी लागते, डंपरच्या डंपर. जांभ्यात पाणी ठरत नाही, तेव्हा टाकी, बोअर, ठिबक आलं. पहिली चार-पाच वर्षं उत्पन्न शून्य. ज्याची दोन-चार कलमं घराशेजारी आहेत आणि वायंगणाच्या तुकड्यावर जो वर्ष काढतो, त्याच्या हातात हे भांडवल नसतं. त्याला सड्याचा उपयोग असतो तो गुरं चारायला, पावसाळ्यानंतर गवत कापायला, पावसात अळंबी आणि रानभाजी आणायला. सडा फुटला, भोवती गडगा आला, फाटक लागलं, की हे त्याचं बंद होतं. मोठी बाग उभी राहते ती बहुतेक वेळा ज्याच्याकडे आधीच पैसा आहे त्याची. सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं, त्यांतली निम्मी मुंबईत. चाळीतल्या भावकीकडे सही मागायला माणूस जातो, ‘कातळ आहे, काय करणार त्याचं’ म्हणतो, आणि पडेल त्या भावाला जमीन जाते. विकणाऱ्यालाही जूनमधला सडा आठवत नाही, कारण तो गावी येतो मे महिन्यात आणि गणपतीत.

मग सरकारी पैसा कुठे येतो? १९९० मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आणली. तिने कोकणात आंबा आणि काजू पसरवला, आणि तिचं ऋण मी नाकारत नाही. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत, जिथे नाचणी-वरीची शेती कमी होत गेली होती, तिथे त्या बागांनी कित्येक घरांना उभं केलं. २०१८ पासून भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावाची योजना आहे. तिच्यात कोकणातल्या शेतकऱ्याला दहा हेक्टरपर्यंत लाभ घेता येतो, आणि खड्डे खोदणं, कलमं लावणं, नांग्या भरणं, ठिबक या कामांना अनुदान आहे. त्याच वर्षी राज्याने महसुली नियम बदलून ‘वर्ग अ’चा पोटखराबा, म्हणजे दप्तरी लागवडीस अयोग्य म्हणून नोंदलेली जमीन, लागवडीखाली आणल्यास तो लागवडयोग्य क्षेत्रात धरण्याची वाट मोकळी केली. शेतकऱ्याला कर्ज आणि विमा मिळायला याचा उपयोग होतो, हेही खरं. पण या सगळ्या नियमांत मातीची जमीन आणि सड्याचा कातळ यांत फरक केलेला नाही. दप्तरी सडा हा पोटखराबाच. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने तयार केलेल्या देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांत उघड्या खडकाचा स्वतंत्र वर्गच आहे, आणि पडीक म्हटलेली जमीन ‘विकसित’ करणं हे मग पुण्यकर्म ठरतं. यात भर म्हणजे भारतीय वन सर्वेक्षणाची व्याख्या. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्रावर झाडांच्या माथ्यांचं आच्छादन दहा टक्के असलं की, जमीन कुणाचीही असो, झाड कुठलंही असो, ते वनाच्छादनात मोजतात. फळबागही त्यात येते. म्हणजे दीपकाडीचा सडा फोडून तिथे हापूस वाढवला की कागदावर देशाचं वन वाढलं. ‘आम्ही झाडंच लावतोय ना, मग पर्यावरणवाल्यांना काय त्रास?’ हा युक्तिवाद इथून येतो. माझं उत्तर असं, की जिथे निसर्गतः झाड नाही तिथे झाड लावणं हा तिथल्या निसर्गावर अन्याय आहे. सड्याचं वैभव त्याच्या उघडेपणात आहे.

शेतकऱ्याच्या बाजूने आणखी एक विचार मांडतो. आंबा बागायतदाराचं आजचं दुखणं काय आहे? फुलकिडे औषधाला दाद देत नाहीत. अवकाळी पाऊस मोहोर धुऊन नेतो. वानर-माकडं फळ हाती लागू देत नाहीत. वाशीच्या घाऊक बाजारात पेटी पोचेपर्यंत भाव पडलेला असतो. बागेचं क्षेत्र वाढवून यातला एक तरी प्रश्न सुटतो का? हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते कोकणच्या फळाची पत राखण्यासाठी. पत राखायची तर आहेत त्या बागांत पैसा घालायला हवा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने जुन्या, दाट झालेल्या, कमी धरणाऱ्या आंबा बागांच्या पुनरुज्जीवनाचं तंत्र दिलेलं आहे. कोकणात अशा बागा गावोगाव आहेत. नव्या कातळाला लागणारा पैसा त्या बागांच्या छाटणीला, विहिरीला, साठवणीला आणि प्रक्रियेला द्या. लहान बागायतदाराला त्याचा फायदा पोकलेनपेक्षा लवकर पोचेल.

पाण्याचाही हिशोब यात आहे. जांभ्याच्या सड्यावर पडलेलं पाणी भेगांतून, पोकळ्यांतून खाली झिरपतं आणि पायथ्याच्या वाडीच्या विहिरीत, झऱ्यात उतरतं. सड्याच्या वरच्या अंगाला बोअर पाडून बागेला पाणी द्यायचं आणि मार्चमध्ये खालच्या वाडीने टँकरची वाट पाहायची, हे कुठल्या शेतकऱ्याच्या हिताचं? बागेचा मालक एक, विहिरीवरची घरं अनेक. ‘शेतकरी’ म्हणताना आपण यांतल्या कुणाबद्दल बोलतो आहोत ते स्पष्ट झालं पाहिजे.

‘सडे मुबलक आहेत’ हे म्हणणं मला सर्वांत घातक वाटतं, कारण ते ऐकायला सर्वांत रास्त वाटतं. राजापूरच्या बाजूला उभं राहिलं की सडा क्षितिजापर्यंत दिसतो, हे खरं. पण दीपकाडी सगळ्या सड्यावर नसते. एखाद्या खळग्याभोवती, एखाद्या भेगेच्या ओळीने ती दाटीने असते आणि पुढे कित्येक शेतं ओलांडली तरी एक दांडा दिसत नाही. पाण्याचा निचरा, मातीची जाडी, गवताची दाटी, चराई, या सगळ्यांचं नेमकं जमलं तरच ती तिथे. बिया फार दूर जात नाहीत. मधला सडा फुटला की दोन्हीकडच्या झुबक्यांचा एकमेकांशी संबंध तुटतो. एक सडा गेला म्हणजे शंभरातला एक गेला, असा हिशोब इथे लागत नाही. कदाचित त्या तालुक्यातला मोठा झुबका त्याच एका खळग्याभोवती होता. डॉ. अपर्णा वाटवे यांनी २०१३ मध्ये उत्तर पश्चिम घाट आणि कोकणातल्या खडकाळ पठारांचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला आणि त्यांच्या संवर्धनासाठी शिफारशीही केल्या. त्यालाही आता दशकाहून अधिक काळ झाला. या काळात चिरेखाणी वाढल्या, रस्ते रुंद झाले, बागा चढत गेल्या. एकेका घावाची बातमी होत नाही, म्हणून मुबलकतेचा भास टिकून आहे.

इथे माझ्याच बाजूच्या लोकांशीही माझा वाद आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा गावकरी उन्हात आडवे झाले आणि अख्ख्या महाराष्ट्राला सडा हा शब्द कळला. कातळशिल्पांची चर्चा झाली. त्याआधीच्या वर्षी बारसू, देवीहसोळ, कशेळी, उक्षी, जांभरूण, कुडोपी अशा ठिकाणांची नावं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली होती. हे सगळं चांगलं झालं. पण मोठा प्रकल्प आला तरच सडा आठवावा आणि एकेक एकराने होणारी फोड ‘आपल्याच माणसाची बाग’ म्हणून सोडून द्यावी, हे मला पटत नाही. कंपनीच्या यंत्राने फुटलेला कांदा आणि गावच्या माणसाच्या यंत्राने फुटलेला कांदा सारखाच मरतो. दुसरं, साताऱ्याजवळच्या कास पठाराची नक्कल करण्याचा मोह. कास २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं, तिथली जमीन वनखात्याची, तिथे तिकीट लावता आलं, माणसं नेमता आली. कोकणचे सडे बहुतेक खासगी मालकीचे. इथे कुंपण घालून पर्यटक आणण्याने फूल वाचणार नाही. सड्यावर माफक चराई आणि गवतकापणी चालू राहणं फुलांच्या भल्याचं आहे, कारण उंच गवत माजलं की छोट्या वनस्पती दबतात. गुराख्याला हाकलून संवर्धन करायला निघालेल्यांना माझा विरोध आहे.

रोपवाटिकेचा उपाय सुचवणारेही असतात. कांदे काढा, कुंड्यांत वाढवा, विद्यापीठाच्या बागेत जपा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानाने पश्चिम घाटातल्या दुर्मीळ वनस्पती, विशेषतः कंदीलपुष्पं, फार जिद्दीने वाढवली आहेत, आणि त्या कामाबद्दल मला आदर आहे. एखादी जात पूर्ण संपण्याच्या काठावर आली तर हा शेवटचा आधार लागतोच. पण तो सडा फोडण्याचा परवाना होऊ शकत नाही. कुंडीत कांदा राहील. त्याच्याकडे येणारे किडे, त्याच्याभोवतीची डबकी, त्या डबक्यांतले बेडूक, दगडाखालची पाल, हे कुंडीत येत नाही. आणि पुढे कधी ती वनस्पती परत लावायची ठरली तर लावणार कुठे? सडा परत बनवण्याची विद्या कुणाकडे नाही.

राहिला यादीचा मुद्दा. ‘धोक्यात असती तर सरकारने नोंद केली असती.’ वनस्पतिशास्त्रज्ञ दीपकाडीला संकटग्रस्त मानत आले आहेत. पण शास्त्रज्ञाने संकटग्रस्त म्हणणं आणि कायद्याने हात धरणं, या दोन गोष्टींत फार अंतर आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात वनस्पतींचं प्रकरण आलं १९९१ मध्ये, आणि नंतरची तीस वर्षं संपूर्ण देशातल्या अवघ्या सहा वनस्पती किंवा वनस्पतिगट त्या परिशिष्टात होते. २०२२ च्या दुरुस्तीने यादी वाढली, नीलकुरिंजी आत आली. दीपकाडी बाहेरच राहिली. आणि समजा ती आत गेली असती, तरी काय? त्या कायद्यात वनस्पती उपटण्यावरची बंदी आहे ती वनजमिनीवर आणि केंद्राने अधिसूचनेने सांगितलेल्या क्षेत्रात. खासगी सातबाऱ्यावरच्या कातळाला ती आपोआप लागू होत नाही. यादीत नाव नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. आपली यादी करण्याची पद्धत हत्ती, वाघ, नाहीतर औषधी म्हणून विकली जाणारी मुळी, एवढंच ओळखते. वर्षातले काही आठवडे दिसणारं, विकत न घेतलं जाणारं, खासगी जमिनीवरचं फूल तिच्या जाळीतून खाली पडतं.

रस्ता मात्र उपलब्ध आहे. जैविक विविधता कायदा २००२ चा, त्याच्या ३७ व्या कलमाने राज्य सरकार स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित करू शकतं. सिंधुदुर्गात हे झालेलं आहे. २०२१ मध्ये आंबोलीचं हिरण्यकेशीचं कुंड तिथल्या एका छोट्या माशासाठी घोषित झालं, आणि दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे-हेवाळेची मिरिस्टिका देवराईही त्याच वर्षी. बोटभर माशासाठी जे झालं ते वीतभर फुलासाठी का होऊ नये? याच कलमात आणखी एक तरतूद आहे, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. घोषणेमुळे ज्यांचं आर्थिक नुकसान होईल त्यांना भरपाई देण्याच्या किंवा त्यांचं पुनर्वसन करण्याच्या योजना राज्याने केल्या पाहिजेत, असं कायदा सांगतो. ‘शेतकऱ्याने फुलासाठी त्याग का करावा?’ या प्रश्नाचं उत्तर कायद्यातच आहे: त्याने फुकट त्याग करावा असं कोणी म्हटलेलंच नाही. बागेच्या खड्ड्याला जे अनुदान मिळतं तेवढं न फोडलेल्या सड्याला दरवर्षी मिळालं, तर कित्येक मालक आनंदाने सडा राखतील असं मला वाटतं. आज त्यांच्यापुढे दोनच पर्याय आहेत, फोडा किंवा विका. तिसरा पर्याय सरकारने ठेवलेलाच नाही, आणि मग न ठेवलेल्या पर्यायाचा दोष फुलाच्या माथी मारायचा, हे मला मान्य नाही.

म्हणून कृषी खात्याला माझी मागणी साधी आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात सड्यावरच्या गटाला फळबागेचं अनुदान मंजूर करण्यापूर्वी त्या गटाची एक पाहणी जून-जुलैत करा, सोबत वनस्पती ओळखणारा एक माणूस न्या, आणि दीपकाडी किंवा तिच्यासारखी प्रदेशनिष्ठ वनस्पती सापडली तर तो अर्ज मातीच्या जमिनीकडे वळवा. एका पावसाळ्याचा उशीर होईल. कलम पुढच्या पावसाळ्यात लावता येतं. ग्रामपंचायतींनी आपल्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून सड्यांची नोंद लोकजैवविविधता नोंदवहीत करून घ्यावी, गट क्रमांकासह, म्हणजे उद्या वारसा स्थळाचा प्रस्ताव पाठवताना हातात कागद असेल. आणि ज्यांच्या नावावर सड्याचा एखादा हिस्सा आहे, ते मुंबईत असोत की पुण्यात, त्यांना विनंती: जमिनीच्या कागदावर सही करण्याआधी एकदा जूनच्या शेवटच्या आठवड्यात गावी या, सड्यावर जाऊन पाहा, आणि मग ठरवा.